नऊ वाजताचा हिरवा दिवा

१

गाडीनं एकदा टक केलं, दुसऱ्यांदा टक केलं आणि मग तेवढंही करायचं सोडून दिलं. मल्हार किल्ली फिरवत राहिला. मागं स्ट्रेचरवर नागूबाई आडवी होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात शेजारी नुसता पडून होता. सकाळचे सात वाजले होते, संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते आणि चिंचकोट्यात थंडी मी म्हणत होती.

चिंचकोटा हे सास्तूरपासून जवळचं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. गल्ल्या रुंद आणि सरळ, पण सगळा गाव सपाटीवर. गाडी ढकलून चालू करायची तर माणसं तरी बक्कळ लागतात. आठ-दहा जणांनी ढकलली, ती शेडमधून बाहेर आली, वडापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. धनाजीची जीप भाडं घेऊन उमरग्याला गेली होती. बालाजी गुरुजींची मोटार होती, पण गुरुजी आदल्या दिवशीच ती घेऊन लेकीच्या लग्नाची खरेदी करायला सोलापूरला गेले होते. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली. नागूबाई मोठ्या दवाखान्यात पोहोचली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, हात आणि बोलणं मात्र आता येईल असं वाटत नाही. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

ही रुग्णवाहिका गावानं वर्गणी काढून घेतलेली होती. पावसाळ्यात दोनदा तिची बॅटरी उतरली, म्हणून दिवाळीत नवी बॅटरी बसवली. ती उभ्या उभ्या मरू नये म्हणून शेडच्या पत्र्यावर लहानसं सोलर पॅनल आणि खाली एक चार्जरची डबी लावली. एवढं सगळं करूनही गाडी ऐन वेळेला उठली नाही म्हटल्यावर खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटणारच होतं. ते ड्रायव्हरच्या फुटलं. मल्हार रिकाम्या वेळी गाडीत बसून टेपवर गाणी ऐकायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गाण्यांनी बॅटरी खाल्ली, असं गावानं ठरवून टाकलं. शुक्रवारी गाडी समितीची बैठक होती आणि तिथं मल्हारला काढायचं होतं.

ही सगळी हकिगत रुद्रम्माला मंगळवारी कळली. रुद्रम्मा म्हणजे सास्तूरच्या रस्त्यावरचं बॅटरीचं दुकान. नवरा शंभुलिंग नऊ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा लोकांना वाटलं आता शटर कायमचं खाली. पण बाई आधीपासूनच त्याच्या बरोबरीनं ॲसिडात हात घालत होती, फक्त पाटीवर तिचं नाव नव्हतं. आता ते आहे. कमी बोलते, बिल चोख देते आणि खोटं बोलणाऱ्याला दुकानात उभं करत नाही, अशी तिची ख्याती आहे.

मंगळवारी मल्हारचा बाप बिराप्पा खांद्यावर घोंगडी टाकून तिच्या दुकानासमोर उभा राहिला. मेंढरं राखून जन्म गेलेला माणूस. आत या म्हटलं तरी आला नाही.

"पोरानं चूक केली आसंल तर म्या सोता त्याला गावातनं काढतो," तो म्हणाला. "पर चूक काय केली, ते तरी कळू द्या, अक्का. गाव म्हणतंय गाणी. गाण्यानं माणसाचा हात जातो व्हय?"

रुद्रम्मानं हातमोजे काढले आणि शटर ओढलं.

२

शेडमध्ये मल्हार गाडीच्या बोनेटला टेकून उभा होता. तिशीचा, उंचापुरा, पण पाच दिवसांत मान खाली घालायची सवय लागल्यासारखा दिसत होता. त्यानं तिला सांगितलं की गाणी ऐकायचो हे खरं आहे, अर्धा-पाऊण तास, तेही दुपारी, ऊन असताना. रात्री कधी नाही. गाडीचा प्रवास दाखवणारं एक यंत्र समितीनं बसवलं होतं, ते मात्र रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीत असे. त्यासाठीच तर सोलर.

"दर सोमवारी गाडी चालू करून बघत नाहीस?"

पूर्वी बघायचो, तो म्हणाला. पण सोलर लागलं तसं गुरुजींनी सांगितलं, आता उगाच डिझेल जाळू नको, दिवा हिरवा झाला की बॅटरी भरली असं समज. डबीवरचा दिवा भरताना तांबडा असतो, भरली की हिरवा. गाडी उठली नाही त्याच्या आदल्या दिवशीही तो हिरवा झाला होता.

रुद्रम्मानं आधी सोलर तपासलं. पॅनलवर धूळ नव्हती, तारा कुठं तुटल्या नव्हत्या, चिमटे घट्ट होते. ऊन पडलं होतं आणि डबीतून येणारी वीज नेमकी जेवढी यायला हवी तेवढी येत होती. मग तिनं बॅटरीला मीटर लावला. काटा बाराच्या पुढं, आठ घरं. म्हणजे पूर्ण भरलेली.

मल्हारच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. तिनं त्याला बोलू दिलं नाही. पिशवीतून दुसरं यंत्र काढलं, ज्याला दोन जाड चिमटे असतात आणि जे बॅटरीवर एकदम गाडी ओढण्याएवढा भार टाकतं. तिनं बटण दाबलं. काटा बारावरून सहावर कोसळला.

ही गोष्ट रुद्रम्मा दुकानात रोज पाहते, पण समजावून सांगायची वेळ क्वचित येते. तिनं मल्हारला सांगितलं की मीटर फक्त बॅटरी काय बोलते ते ऐकतो, तिच्या अंगात किती जोर आहे ते त्याला कळत नाही. जुनी झालेली बॅटरी भरली म्हणून सांगते आणि स्टार्टरचा भार पडला की बसते.

"पर ही जुनी कुठं हाय? दिवाळीची हाय."

रुद्रम्मानं फडकं घेतलं, बॅटरीच्या माथ्यावरची धूळ पुसली आणि कारखान्यात ठोकलेले आकडे वाचले. मग चष्मा लावून परत वाचले. आकड्यांत बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. मल्हारला ते सहा आकडे नुसते ओरखडे वाटले असते.

"ही बॅटरी सहा वर्षांची हाय, मल्हार," ती म्हणाली. "ह्या गाडीची न्हायच ही. कुणी तरी बदललीय."

३

नवी बॅटरी काढून कुणी तरी जुनी बसवली होती. कंपनी तीच, आकार तोच, वर नेहमीसारखी धूळ. मल्हारनं कधी बोनेट उघडलं तरी त्याला काळा डबा दिसला असता, पूर्वीही तो काळाच होता.

पण ही गोष्ट मल्हारला सोडवणारी नव्हती, उलट जास्त अडकवणारी होती. गावानं आतापर्यंत त्याला निष्काळजी म्हटलं होतं, आता चोर म्हटलं असतं. किल्ली सभागृहाच्या दारामागं खिळ्याला लटकलेली असायची, मल्हार नसला तर कुणीही गाडी काढावी म्हणून. पण गाव खिळ्याकडं बोट दाखवणार नव्हतं. रुद्रम्मानं बिराप्पाकडं पाहिलं. म्हातारा शेडच्या खांबाला टेकून खाली बसला होता.

"कधी बदलली ते कळलं तर कुणी ते कळंल," ती म्हणाली. "पर काळा डबा कधी बदलला, हे कुणी बघितलं असंल?"

बघितलं कुणीच नव्हतं. लिहिलं मात्र होतं.

शेडच्या समोरच अंगणवाडी आहे आणि तिथली सेविका प्रतीक्षा शेजारच्याच घरात राहते. बालाजी गुरुजी हे गाडी समितीचे सचिव. जन्मभर शाळेत हजेरी घेतलेला माणूस, नोंद ठेवल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. त्यांनी प्रतीक्षाला एक वही दिली होती. डबीवरचा दिवा रोज किती वाजता हिरवा होतो, ते तिनं लिहायचं. तिला सुरुवातीला हा नुसता ताप वाटला होता, पण ती नेटाची मुलगी. एकही दिवस चुकवला नव्हता.

रुद्रम्मा अंगणवाडीच्या ओट्यावर बसली आणि वही उघडली. दिवाळीनंतरचे दिवस. दीड, पावणेदोन, एक चाळीस, दीड. मल्हारनं दुपारी जास्तच गाणी ऐकली असतील त्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वादोन. डिसेंबरभर हेच. मग एका पानावर फक्त दोन शब्द, येळवस, रानात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ दहा. नंतर नऊ, नऊ पाच, आठ पन्नास. पुढं सगळं तसंच, नागूबाई पडली त्या सकाळपर्यंत.

"हे लवकर का होऊ लागलं?"

प्रतीक्षा म्हणाली, आम्हालाही नवल वाटलं. गुरुजींना दाखवलं, तर ते खूश झाले. म्हणाले, सोलर आता मुरलं, बॅटरी चांगली पाजली गेली. त्यांनी त्या पानावर लाल शाईनं 'उत्तम' असंही लिहिलं होतं. मल्हारनं एकदा तक्रार केली होती, एका बाळंतिणीला नेताना गाडी जड उठली म्हणून. तेव्हाही गुरुजींनी हीच वही त्याच्यापुढं धरली होती.

रुद्रम्मा त्या लाल 'उत्तम'कडं बराच वेळ बघत बसली. आजारी माणूस दोन घासांत पोट भरलं म्हणतो, तसं जुन्या बॅटरीचं असतं. तिच्यात वीज शिरतच नाही, ती लगेच वर येते आणि डबीला वाटतं झालं भरून. लवकर येणारा हिरवा दिवा म्हणजे चांगलं लक्षण नव्हे. अख्ख्या गावानं आजाराला आरोग्य समजून वहीत नोंदवलं होतं. आणि गाण्यांनी बॅटरी खाल्ली असती तर दिवा उशिरा हिरवा झाला असता, लवकर नव्हे. एवढ्यावरून मल्हारच्या गाण्यांचा प्रश्न मिटला.

बॅटरी येळवशीच्या दिवशी बदलली होती. बाकी कुठला दिवस असूच शकत नव्हता.

इकडं जन्मलेल्याला येळवस काय ते सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावच्या गाव रानात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटी घालायची, पांडव पुजायचे, भज्जी, आंबील, उंडे, खीर यांचे हंडेच्या हंडे रिकामे करायचे. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात बोलावणं असतंच. रुद्रम्मा स्वतः त्या दिवशी भावाच्या रानात होती आणि परतताना तिला आंबिलीमुळं नीट चालताही येत नव्हतं. चिंचकोट्यात तर त्या दिवशी कुत्रंसुद्धा राहत नाही, तीही हाडकांच्या आशेनं नसली तरी भाकरीच्या आशेनं मागं जातात.

म्हणजे चोराला गाव मोकळं होतं. प्रश्न एवढाच होता की त्या दिवशी रानात कोण नव्हतं.

४

बुधवारी तिनं चौकशी केली. पोलिसांसारखी नाही. बॅटरीवालीला कुणाच्याही वाहनाचं बोनेट उघडायला निमित्त लागत नाही.

मल्हार येळवशीला गावातच नव्हता. आदल्या दिवशी सकाळी तो बायकोला घेऊन तामलवाडीला सासुरवाडीला गेला आणि येळवस करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला. तामलवाडीच्या रानात त्याच्या बरोबर चाळीस माणसं जेवली होती, फोटो होते. आदल्या दिवशी दुपारी दिवा दीड वाजता हिरवा झाला होता, म्हणजे तो निघून गेल्यावरही नवी बॅटरी जागेवर होती. दुसऱ्या दिवशी तो परतण्याआधी नऊ दहाला हिरवा झाला. मल्हार सुटला. बिराप्पाला हे सांगितलं तेव्हा त्यानं नुसते डोळे पुसले आणि विचारलं की मग कोण.

संशय आधी धनाजीवरच जात होता, कारण त्याला तसं निमित्त होतं. रुग्णवाहिका आल्यापासून पेशंटची भाडी गेली होती. शिवाय त्याच्या जीपची बॅटरी मेलेली, हे गावभर माहीत होतं. रुद्रम्मा त्याच्या घरी गेली तेव्हा जीप घरापुढच्या दगडी उतारावर तोंड खाली करून उभी होती, चाकाखाली धोंडा. धनाजीनं धोंडा काढला, जीप गडगडली आणि खाली जाऊन खोकत चालू झाली.

"नवी बॅटरी चोरली असती तर म्या हे रोज कशाला केलं असतं?" तो म्हणाला. बोलण्यात राग होता, पण खोट नव्हती. येळवशीला तो सकाळपासून स्वतःच्या रानात होता आणि सगळ्या भावकीनं त्याला पाहिलं होतं.

गोरोबा मंडप आणि साउंडचा धंदा करतो, त्याच्याकडं बॅटऱ्यांची रास असते. त्याच्या टेम्पोत बॅटरी नवी होती. पण ती येळवशीनंतर आठवड्यानं रुद्रम्माच्याच दुकानातून घेतलेली होती आणि बिलाची प्रत तिच्याकडं होती. फुकटची मिळालेली असती तर त्यानं पैसे मोजले नसते. येळवशीला तो रानात होता का, असं विचारल्यावर तो म्हणाला की दिवसभर होतो, रानात स्पीकर लावून अर्ध्या गावाच्या कानठळ्या बसवल्या. शेजारच्या रानातल्या तिघा बायकांनी ते कपाळाला आठ्या घालून कबूल केलं.

शेवटी ती बालाजी गुरुजींकडं गेली. संशय म्हणून नाही, सचिवांना कळवायला हवं म्हणून. गुरुजी ओट्यावर लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत बसले होते, सुवाच्य, एकाही अक्षराला खोडणं नाही. लेक समृद्धी हिचं लग्न माघात होतं. बॅटरी बदलली गेल्याचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की हे फार वाईट झालं, गावात असं कधी नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही कुठं होता, असं तिनं विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. येळवशीला समृद्धीला बघायला पाहुणे येणार होते, त्यांना रानात जेवायला न्यायचं होतं. सकाळी आठला मोटार चालूच होईना. पोरांनी ढकलून पाहिलं, मग पोरंही रानात निघून गेली. शेवटी लोहाऱ्याहून नवी बॅटरी आणून बसवली आणि बाराच्या सुमाराला पाहुण्यांना घेऊन रानात पोहोचले. पाहुणे खूश झाले, लग्न ठरलं.

चहा पिऊन रुद्रम्मा उठली. तिघंही रानात होते, मल्हार तामलवाडीत. परतताना तिला वाटलं की हा गुंता काही सुटत नाही, आणि शुक्रवार परवावर आला होता. मल्हार सुटला हे तिला कळलं होतं, पण समितीला कळायला दुसरं नाव हवं होतं. नाहीतर वहीतल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

५

गुरुवारी सकाळी तिनं नेहमीसारखं शटर वर केलं. ते अर्ध्यात अडकतं, मग खालून लाथ मारावी लागते. लाथ मारताना तिला उगाच आठवलं की हे शटर दिवसभर बंद कधी होतं. दिवाळीतही अर्धा दिवस उघडं असतं. बंद होतं ते फक्त येळवशीला.

ती तशीच पायरीवर बसली. तिचंच नव्हे, त्या दिवशी कुणाचंच दुकान उघडं नसतं. सास्तूरला नाही, लोहाऱ्याला नाही, उमरग्याला नाही. बाजारपेठेत माणूस शोधावा लागतो. येळवशीच्या सकाळी लोहाऱ्यात बॅटरी मिळाली, असं सांगणारा माणूस एक तर बाहेरचा असला पाहिजे, नाही तर घाबरलेला. गुरुजी इथंच जन्मले होते.

आठ वाजता न उठणारी मोटार बारा वाजता रानात पोहोचली होती. दोन्ही वाहनं डिझेलची, दोन्हींना एकाच मापाची बॅटरी लागते. सभागृहाच्या दारामागं किल्ली होती आणि गावात चिटपाखरू नव्हतं.

रुद्रम्मानं शटर पुन्हा खाली ओढलं. तिला आनंद झाला नाही. धनाजी निघाला असता तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं आणि त्याची तिला लाज वाटली.

गुरुजी एकटेच होते, समृद्धी आणि तिची आई बस्त्याला गेल्या होत्या. रुद्रम्मानं काही आडपडदा ठेवला नाही.

"गुरुजी, तुमच्या मोटारीचं बोनेट उघडा."

"कशाला?"

"लोहाऱ्यात कुठल्या दुकानातनं बॅटरी घेतली?"

"चौकातल्या."

"येळवशीला?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी भिंतीवरची किल्ली काढली आणि मोटारीचं बोनेट स्वतःच उघडलं. आत दिवाळीची बॅटरी होती, चकचकीत.

त्यांनी सगळं सांगितलं, आणि शाळेत धडा सांगावा तसं ओळीनं सांगितलं. पाहुणे नऊला एसटीनं आले. पाहुण्यांसमोर मोटार बंद. रान तीन किलोमीटर, पाहुण्यांत एक म्हातारी गुडघ्यांची. ज्या घराला येळवशीला पाहुण्याला रानात नेऊन जेवू घालता येत नाही, त्या घरात लेक कोण देईल, आणि तिथून लेक कोण नेईल, असं त्यांना वाटलं. पाहुणे चहा पीत असताना त्यांनी मागच्या दारानं शेड गाठली, दहा नंबरच्या पान्यानं दोन नट सोडले आणि एका दिवसासाठी बॅटरी घेतली. गाडी अगदीच रिकामी दिसू नये म्हणून आपली जुनी तिच्या जागी ठेवली. संध्याकाळी परत बसवायचं होतं, पण पाहुणे उशिरा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाना घेऊन शेडकडं निघाले, तर प्रतीक्षा वही घेऊन समोर आली. दिवा नऊ दहालाच हिरवा झाला होता.

"मला वाटलं, सोलरनं जुनी बॅटरी सुधारली," गुरुजी म्हणाले. "खरं सांगतो, अक्का. नव्यापेक्षा लवकर भरतेय, म्हणजे चांगलीच झाली. मग कशाला हात लावायचा? लग्न झालं की दोन्हीकडं नवी बसवू, असं ठरवलं होतं म्या."

इतक्या वर्षांत गुरुजींच्या तोंडून 'म्या' कुणी ऐकलं नसेल.

रुद्रम्माला त्यांची चीड आली आणि कणवही आली. शिकलेला माणूस, पण दिव्याचा रंग बघून निकाल दिला. त्यानंतर नागूबाई पडली, मल्हारवर बोट गेलं आणि गुरुजी गप्प बसले. पहिल्या गोष्टीला ती चूक म्हणायला तयार होती. आठवडाभराच्या गप्प बसण्याला तिच्याकडं तसा शब्द नव्हता.

"उद्या बैठकीत हे मी सांगितलं तर समृद्धीच्या सासरी काय जाईल?" त्यांनी विचारलं.

"ते मला ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "मल्हारच्या सासरी काय गेलंय ते मला ठाऊक हाय. त्याच्या बायकोला तिच्या भावानं फोन करून इचारलं, तुझा नवरा माणसं मारतो व्हय. उद्या अकरापर्यंत तुमी सांगा. न्हाय सांगितलं तर वही म्या वाचते."

६

बैठकीला सभागृह भरलं होतं. मल्हार दाराजवळ उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. रुद्रम्मा वही मांडीवर घेऊन मागं बसली आणि घड्याळाकडं बघत राहिली. अकरा वाजून गेले. गुरुजींनी आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं, पूर्ण वाचलं, स्वल्पविरामासह. तिनं वही उघडली.

तेवढ्यात गुरुजी म्हणाले की पुढचा विषय मल्हारचा आहे आणि तो विषयच चुकीचा आहे. बॅटरी मी चोरली. चोरली हाच शब्द वापरला, घेतली असं म्हटलं नाही. येळवस, पाहुणे, पाना, हिरवा दिवा, लाल शाईतलं 'उत्तम', सगळं सांगितलं. सचिवपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला. धनाजीनं तंबाखू मळायची थांबवली.

गुरुजी मल्हारपाशी गेले आणि त्याच्यापुढं हात जोडले. मल्हारनं ते हात धरून खाली केले.

"माझ्यापुढं नका, गुरुजी," तो म्हणाला. "माझं काय गेलं? नाव गेलं हुतं, ते आलं. नागूमावशीकडं चला."

दोघं निघाले. मागं आठ-दहा माणसं आली. रुद्रम्माही गेली, का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. नागूबाई दवाखान्यातून घरी आणलेली होती. ती उन्हात बाजेवर बसवलेली होती, पाठीशी उशा आणि उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. सून हर्षाली शेजारी पेज घेऊन बसली होती. ती म्हणाली, आत्याला सगळं कळतं, फक्त हळू बोला.

गुरुजी बाजेसमोर जमिनीवर बसले आणि हळू बोलले. सगळं पुन्हा सांगितलं, बैठकीत सांगितलं त्यापेक्षा साध्या शब्दांत. शेवटी म्हणाले, मावशी, मला माफ करा.

नागूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिचे ओठ हलले, मान थोडी हलली, आणि घशातून एक आवाज आला. हर्षाली पुढं वाकली, आत्या काय म्हणताय म्हणून. नागूबाईनं पुन्हा प्रयत्न केला. तोच आवाज आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं की दुसऱ्या कशाचं, हे बाजेभोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच ओळखता आलं नाही.

"काय म्हणाल्या?" गुरुजींनी विचारलं.

हर्षालीनं मान हलवली. तिला कळलं नव्हतं.

गुरुजी तिथंच बसून राहिले. ऊन सरकलं तशी हर्षालीनं बाज सावलीत ओढायला मल्हारला हाक मारली. गुरुजींनीही बाजेचा एक पाय धरला. नागूबाई त्यांच्याकडं बघत पुन्हा तोच आवाज काढत होती आणि ते तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होते.